आधी घरात विचारा: हिस्सा विकताना पहिला हक्क कसा चालतो

वडील गेले. मृत्युपत्र नव्हतं. वारस नोंद झाली आणि घर आई, थोरला, ताई आणि धाकटा अशा चौघांच्या नावावर लागलं. काही वर्षांनी धाकट्याला पैशांची निकड आली आणि त्याने आपला चौथा हिस्सा गावातल्या एका व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलं. अशा वेळी दोन मतं मोठ्या ठामपणे सांगितली जातात. ‘सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय सामाईक मालमत्ता विकताच येत नाही’ हे एक. ‘स्वतःचा हिस्सा आहे, तो कुणालाही देईल, भावंडांना विचारायचं कारण काय?’ हे दुसरं.

दोन्ही मतं चूक आहेत. सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो. वाटणी झालेली नसली तरी येतो, आणि इतरांच्या सह्या नसल्या तरी येतो. पण काही परिस्थितींत, विशेषतः वारशाने आलेल्या मालमत्तेत, तो हिस्सा घेण्याची पहिली संधी घरातल्या माणसांना द्यावी लागते. संधी न देता व्यवहार केला तर घरातली माणसं तो व्यवहार न्यायालयात नेऊ शकतात. अशा पहिल्या संधीला कायद्याच्या भाषेत अग्रक्रयाधिकार किंवा प्राधान्यहक्क म्हणतात. वकील बोलताना ‘राइट ऑफ फर्स्ट रिफ्युजल’ म्हणतात. मी इथे ‘पहिला हक्क’ म्हणतो.

या हक्काबद्दल सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी लागते. मालकाला विकायचं नसेल तर हा हक्क काहीही करू शकत नाही. धाकट्याने हिस्सा विकायलाच हवा असं थोरला म्हणू शकत नाही. हिस्सा स्वस्तात द्यायला हवा असंही म्हणू शकत नाही. धाकट्याने विकायचं मनावर घेतलं की मगच हा हक्क जागा होतो, आणि त्यानंतरही तो इतकंच देतो: बाहेरच्याआधी तुमचा नंबर. घ्यायचं असेल तर योग्य किंमत मोजून घ्या, नाहीतर बाजूला व्हा.

म्हणून याच्याशी मिळत्याजुळत्या दोन गोष्टी यापासून वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिली म्हणजे खरेदीचा पर्याय. यात ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या किमतीला मालमत्ता मागायचा हक्क घेणाऱ्याकडे असतो आणि त्या वेळी मालकाची इच्छा असो वा नसो, त्याला द्यावी लागते. दुसरी म्हणजे पहिल्या देकाराचा हक्क. यात बाहेर गिऱ्हाईक शोधण्याआधीच मालक तुमच्याकडे येतो, ‘मला विकायचंय, तुम्ही काय द्याल?’ असं विचारतो आणि तुमचा आकडा पटला नाही तर बाजारात जातो. आपल्या ‘पहिल्या हक्कात’, म्हणजे पहिल्या नकाराच्या हक्कात, क्रम उलटा असतो. बाहेरचं गिऱ्हाईक आधी येतं, किंमत आधी ठरते आणि मग त्याच अटींवर तुम्हाला विचारलं जातं. करारात नेमकं काय लिहिलंय हे न पाहता ‘आमचा पहिला हक्क आहे’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा हक्क यातला कोणता, हे कागद वाचल्याशिवाय कळत नाही.

कलम २२: वारसांचा पहिला हक्क

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना लागू पडणारा पहिला हक्क कुठल्या करारातून येत नाही. तो हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २२ मधून येतो. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. कलमाचा आशय असा: मृत्युपत्र न करता वारलेल्या व्यक्तीची स्थावर मालमत्ता किंवा तिचा धंदा वर्ग १ मधल्या दोन किंवा अधिक वारसांकडे आला आणि त्यांपैकी एकाने आपला हिस्सा हस्तांतरित करायचं ठरवलं, तर तो घेण्याचा प्राधान्यहक्क इतर वारसांना आहे.

वर्ग १ मध्ये कोण येतात याबद्दल मोठे गैरसमज आहेत. पुरुष वारला तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई हे प्रामुख्याने या वर्गात येतात. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंही ठरावीक मर्यादेत येतात. वडील मात्र या वर्गात नाहीत. मुलगी लग्न होऊन सासरी गेली म्हणून यादीतून जात नाही. आपल्याकडे वारस नोंदीच्या वेळी बहिणीकडून हक्कसोडपत्र मागायला सगळे तिच्या दारात जातात आणि हिस्सा विकायची वेळ आली की तिला विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. कायदा असा भेद करत नाही. तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा सोडला असेल तर गोष्ट वेगळी. नसेल सोडला, तर आईला, थोरल्याला आणि तिला विचारण्यात काडीचा फरक नाही.

आता वरच्याच उदाहरणात आकडे घालू. घर सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या बाजाराच्या गावी आहे आणि सगळं मिळून बाजारभाव ८० लाख रुपये आहे असं धरा. चौथा हिस्सा कागदावर २० लाखांचा. पण व्यापारी धाकट्याला १५ लाखच देतो म्हणतो. धाकट्याला वाटतं, तो आपल्याला लुबाडतोय. तसं असेलच असं नाही. अविभक्त हिस्सा घेणाऱ्याच्या हाती कुठलीच खोली येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ४४ म्हणतं की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा कुटुंबाबाहेरच्या माणसाने घेतला, तर त्याला कुटुंबाबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. त्याला आधी वाटणीचा दावा लावावा लागतो. तो दावा चालणार किती वर्षं, खर्च किती, शेवटी वाट्याला रस्त्याकडची बाजू येणार की परसातली, यातलं काहीच ठरलेलं नसतं. ही सगळी जोखीम तो किमतीतून वजा करतो.

इथेच पहिल्या हक्काचा खरा उपयोग दिसतो. तोच हिस्सा थोरल्याच्या किंवा ताईच्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे, कारण त्यांना दावा लावायचा नाही, ताबा आहेच आणि घर एकसंध राहतं. व्यापाऱ्यापेक्षा दोन लाख जास्त दिले तरी त्यांना परवडतं आणि धाकट्यालाही जास्त मिळतात. म्हणून आधी घरात विचारणं हा धाकट्यावर लादलेला भार आहे असं मला वाटत नाही. बऱ्याचदा सर्वांत चांगली किंमत घरातच मिळण्यासारखी असते.

पण किंमत ठरवायची कशी? कलम २२ ने यासाठी दोन वाटा ठेवल्यात. पहिली आपसात ठरवण्याची. न ठरल्यास, ज्या हद्दीत मालमत्ता आहे तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा आणि न्यायालयाने किंमत ठरवायची. ही दुसरी वाट फार महत्त्वाची आहे, कारण पहिला हक्क मोडण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे फुगवलेला आकडा. धाकट्याने व्यापाऱ्याशी संगनमत करून ‘मला २८ लाख मिळताहेत, तुम्ही द्या नाहीतर गप्प बसा’ असं म्हटलं, तर भावंडांनी त्या आकड्यापुढे मान तुकवायची गरज नाही. ती किंमत ठरवून घ्यायला न्यायालयात जाऊ शकतात. मात्र न्यायालयाने किंमत ठरवल्यावर ‘आता नको’ म्हणून मागे फिरलं तर त्या अर्जाचा सगळा खर्च मागे फिरणाऱ्याच्या अंगावर पडतो. म्हणजे धाकट्याला नुसतं अडवून धरण्यासाठी हा मार्ग वापरू नये, अशी तरतूद कलमातच आहे.

दोन वारसांना एकाच वेळी हिस्सा हवा असेल तर? कलम २२ चं तिसरं पोटकलम सरळ आहे: जो जास्त किंमत देईल त्याला. थोरला म्हणून अग्रक्रम नाही, मुलगा म्हणून नाही, घरात राहतो म्हणून नाही. थोरल्याने १६ लाख म्हटलं आणि ताईने १७, तर हिस्सा ताईचा.

आता या कलमाची कमजोर बाजू. विचारायचं कसं, लेखी की तोंडी, किती दिवसांची मुदत द्यायची, याबद्दल कलमात एक शब्द नाही. इतकी महत्त्वाची गोष्ट कायद्याने कुटुंबांवर सोडून दिली आणि त्यातूनच बहुतेक भांडणं जन्माला येतात. ‘मी गणपतीला सगळ्यांसमोर बोललो होतो’ असं एक म्हणतो आणि ‘तू विकणार असं बोललास, कितीला ते कुठे बोललास?’ असं दुसरा. म्हणून विकणाऱ्याने स्वतःच्या बचावासाठी तरी लेखी पत्र द्यावं. पत्रात मालमत्तेचं वर्णन, विकायचा हिस्सा, समोरून आलेली किंमत, पैसे कधी आणि कसे मिळणार, गिऱ्हाईक कोण, आणि उत्तर कधीपर्यंत हवं, हे सगळं यावं. मुदत महिनाभराची ठेवली तर ती वाजवी आहे असं कुणालाही म्हणता येईल. पोच मिळेल अशा टपालाने पाठवावं. बहीण दुबईत किंवा न्यू जर्सीत असेल तर ईमेलवर पाठवून तिचं उत्तर जपून ठेवावं. नकार आला तर तोही लेखी घ्यावा.

आणि एक बारकावा. १५ लाखांना मिळालेला नकार १५ लाखांपुरताच असतो. पुढे व्यापाऱ्याने घासाघीस करून १२ लाखांवर आणलं आणि धाकट्याने तेवढ्याला देऊन टाकलं, तर ‘मी विचारलं होतं’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. ताईला १५ लाख जमत नव्हते, पण १२ जमले असते. किंमत उतरली की पुन्हा विचारावं.

न विचारता विकलं तर

समजा धाकट्याने कुणालाही न सांगता खरेदीखत करून टाकलं. व्यवहार आपोआप रद्द होतो का? नाही. खरेदीखत आपल्या जागी उभं राहतं. पण इतर वारस दिवाणी न्यायालयात जाऊन सांगू शकतात की हा हिस्सा आधी आम्हाला मिळायला हवा होता, पैसे द्यायला आम्ही तयार आहोत, आम्हाला त्या खरेदीदाराच्या जागी बसवा. हा सौदा उलटवण्याचा हक्क नाही. झालेल्या सौद्यात खरेदीदाराची जागा घेण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मधल्या एका निकालात अग्रक्रयाधिकाराची जी तत्त्वं मांडली, त्यांत हे स्पष्ट आहे. त्याच निकालात आणखी दोन गोष्टी आहेत ज्या दावा लावणाऱ्याने रात्री झोपण्याआधी वाचाव्यात. एक, सौदा घ्यायचा तर अख्खा घ्यावा लागतो. त्यातला रस्त्याकडचा तुकडा आम्हाला द्या आणि बाकीचा त्याला राहू द्या, हे चालत नाही. दोन, हा हक्क फार दुबळा आहे आणि कायदेशीर मार्गांनी तो निष्फळ करता येतो. न्यायालयं या हक्काकडे मोकळ्या बाजारावरचं बंधन म्हणून पाहतात. ज्याला तो बजावायचाय त्याने अटींची पूर्तता काटेकोरपणे करावी, अशी त्यांची अपेक्षा असते.

काटेकोरपणात सर्वांत जास्त दावे अडकतात ते मुदतीत. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ९७ नुसार अग्रक्रयाधिकार बजावण्याच्या दाव्याला एक वर्षाची मुदत आहे, मग तो हक्क कायद्यातून आलेला असो, रूढीतून असो की करारातून. खरेदीदाराने प्रत्यक्ष ताबा घेतल्यापासून वर्ष मोजायचं. प्रत्यक्ष ताबा घेताच येणार नाही अशी मालमत्ता असेल तर दस्त नोंदला गेल्यापासून मोजायचं. अविभक्त हिश्श्याचा ताबा बहुतेक वेळा घेता येत नाही, म्हणून शहाण्याने नोंदणीची तारीख धरून चालावं. ज्या घरात भांडण धुमसतंय तिथल्या माणसाने सातबारा किंवा मिळकत पत्रिका अधूनमधून पाहत राहावी. फेरफाराची नोटीस आली तर ती पिशवीत टाकून ठेवू नये.

शेतजमिनीला कलम २२ लागू आहे का, हा वाद अनेक वर्षं चालला. शेतजमीन हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, मग केंद्राच्या वारसा कायद्यातलं कलम तिथे कसं चालेल, असा तो युक्तिवाद होता आणि वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळी उत्तरं दिली होती. मार्च २०१९ मध्ये हिमाचल प्रदेशातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मिटवला. वडिलांची शेतजमीन दोन भावांकडे आली होती, एकाने आपला हिस्सा बाहेर विकला आणि दुसरा न्यायालयात गेला. न्यायालयाने म्हटलं की हा विषय वारशाचा आहे, वारसा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत येतो, म्हणून कलम २२ शेतजमिनीलाही लागू आहे. आपल्या राज्यासाठी हा निकाल किती मोठा आहे हे सांगायला नको. इथली बहुतेक सामाईक मालमत्ता गावाकडच्या शेतीतच अडकलेली आहे.

कलम २२ कुठे थांबतं

मृत्युपत्राने आलेल्या मालमत्तेला ते लागू नाही, कारण कलमातली पहिलीच अट मृत्युपत्राविना मृत्यू ही आहे. वाटणी होऊन प्रत्येकाचा भाग वेगळा झाला की त्या भागावर इतरांचा हा हक्क उरत नाही. हा हक्क एकाच मृत व्यक्तीच्या वारसांमधला आहे. थोरला पुढे वारला आणि त्याच्या मुलाने आपला हिस्सा विकायला काढला, तर काकाला ‘आजोबांचं घर’ म्हणून सरळ कलम २२ चा आधार घेता येईल असं समजू नये, कारण तो त्या मुलाबरोबर थोरल्याचा वर्ग १ चा वारस नाही.

वडिलोपार्जित मालमत्तेत तर दोन थर असतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर मुलगीही जन्माने सहदायाद, म्हणजे जन्मतःच हिस्सा असलेली वाटेकरी आहे. जन्माने मिळालेला हिस्सा हा कुणाच्या मृत्यूने वारशात आलेला हिस्सा नाही. कलम २२ वारशाने आलेल्या हिश्श्याबद्दल बोलतं. एकाच भावाकडे एकाच जमिनीत थोडा हिस्सा जन्माने आणि थोडा वडिलांच्या मृत्यूने आलेला असू शकतो. अशा वेळी कागद घेऊन दिवाणी कामं पाहणाऱ्या वकिलाकडेच जावं.

ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना लागू असलेल्या भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये असं कलम नाही. मुस्लिम कायद्यात शुफा नावाचा अग्रक्रयाधिकार फार जुना आहे आणि आधुनिक भारतातल्या या विषयावरच्या विचाराचं मूळ बरंचसं तिथेच आहे. गोव्यात हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागूच नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून आलेला नागरी कायदा चालतो आणि सहमालकांच्या प्राधान्यहक्काची तरतूद त्याच परंपरेत आहे. त्यामुळे सावंतवाडीतल्या घराचा सल्ला पेडण्यातल्या घराला लावू नये.

एक दुसरं दार मात्र उघडं राहतं. वाटणी अधिनियम, १८९३ च्या कलम ४ नुसार, राहत्या घरातला हिस्सा घेतलेल्या परक्या माणसाने वाटणीचा दावा लावला, तर कुटुंबातला हिस्सेदार ‘हा हिस्सा मी विकत घेतो’ असं सांगू शकतो. मग न्यायालय त्या हिश्श्याचं मूल्यांकन करतं आणि तो कुटुंबातल्या माणसाला द्यायला लावतं. इथे मालमत्ता वारशाने आली की कशी, हा प्रश्न तितका आडवा येत नाही. राहतं घर, अविभक्त कुटुंब आणि परक्याने मागितलेली वाटणी, इतकं लागतं. ज्यांची कलम २२ ची मुदत हुकली, त्यांच्या कामाला अनेकदा हेच कलम येतं.

‘बांधाला बांध आहे, म्हणजे पहिला हक्क माझा’

गावाकडे हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की ते कायदाच आहे असं लोकांना वाटतं. तसा सरसकट हक्क नाही. काही प्रांतांत शेजारी असल्याच्या कारणावर अग्रक्रयाधिकार देणारे कायदे आणि रूढी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये, निव्वळ शेजार या आधारावरचा असा हक्क घटनेशी विसंगत ठरवला. शेजाऱ्याला आधी विचारावं ही गावची रीत चांगली आहे, पाळावी. पण ती मोडली म्हणून शेजाऱ्याला दावा लावता येत नाही.

गोंधळ होतो तो तुकडेबंदी कायद्यामुळे. १९४७ च्या त्या कायद्यात, प्रमाणभूत क्षेत्राहून, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून लहान असलेला जमिनीचा तुकडा लगतच्या जमिनीच्या मालकालाच विकता येईल अशी तरतूद आली. हा शेजाऱ्याचा पहिला हक्क नव्हे. तिथे विकणाऱ्याला बाहेरचं गिऱ्हाईकच घेता येत नाही. अलीकडच्या वर्षांत या कायद्यात बदल झालेत, म्हणून तुकड्याचा व्यवहार करण्याआधी ताजी स्थिती तहसील कार्यालयात विचारून घ्यावी. कूळकायद्यात मात्र खरा प्राधान्यक्रम आहे: कलम ६४ खाली जमीनमालकाला कुळाच्या ताब्यातली जमीन विकायची असेल तर आधी कुळाचा विचार करावा लागतो.

करारातून येणारा पहिला हक्क

कायदा देत नसेल तिथेही हा हक्क आपण आपल्यासाठी निर्माण करू शकतो. वाटणी करून वेगळ्या होणाऱ्या भावंडांनी, एकत्र प्लॉट घेणाऱ्या मित्रांनी, दुकान भाड्याने घेणाऱ्या व्यापाऱ्याने करारात लिहून घ्यावं की विकायची वेळ आली तर आधी आम्हाला विचारा.

अशी अट पिढ्यान्‌पिढ्या टिकते का? १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दोन भावांच्या वाटणीतली अशीच अट आली. विकायचं झाल्यास एकमेकांना आधी द्यायचं असं ठरलेलं होतं, मुदत लिहिलेली नव्हती. न्यायालयाने म्हटलं की अशी अट जमिनीत कुठलाही मालकी हितसंबंध निर्माण करत नाही, ती फक्त करारातली जबाबदारी आहे. म्हणून मालमत्ता कायमची बांधून ठेवण्याविरुद्धचा नियम तिला आडवा येत नाही, आणि मूळ भावांच्या जागी आलेल्या माणसांवरही ती बंधनकारक राहू शकते.

मात्र त्याच तर्काची दुसरी बाजू आहे. हितसंबंध नाही, म्हणजे मालमत्ता तिसऱ्याच्या हाती गेल्यावर तुमचं बळ एका प्रश्नावर येऊन थांबतं: घेणाऱ्याला या अटीची माहिती होती का? पूर्ण किंमत मोजून, प्रामाणिकपणे, अटीची माहिती नसताना ज्याने घेतलं त्याला विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम १९ संरक्षण देतं. म्हणून साध्या कागदावर लिहून कपाटात ठेवलेली अट फारशी कामाची नाही. ती नोंदणीकृत वाटणीपत्रातच लिहावी. ज्या दस्ताची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, तो नोंदला गेला की पुढच्या खरेदीदाराला त्याची माहिती होती असं कायदा धरून चालतो. शिवाय त्याचा वकील शोध घेईल तेव्हा दस्त समोर येतोच.

अट लिहिताना ‘विक्री’ या एका शब्दावर थांबू नका. महाराष्ट्रात मालमत्ता हातची जाण्याचे पुष्कळ मार्ग विक्रीखेरीजचे आहेत. बिल्डरशी विकसन करारनामा, त्याच्याबरोबर दिलेलं कुलमुखत्यारपत्र, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, परक्याच्या नावे बक्षीसपत्र. ‘विक्री’ एवढंच लिहिलं असेल तर समोरचा म्हणेल की मी विकलेलंच नाही. त्याच वेळी मुलाला किंवा बायकोला दिलेल्या बक्षिसाला या अटीतून वगळावं, नाहीतर घरातल्या घरात विनाकारण अडचण होते. नोटीस कशी, उत्तराला किती दिवस, होकार दिल्यावर विसार किती आणि खरेदीखत किती दिवसांत, हे लिहावं. नकारानंतर मालकाला बाहेर विकायला किती महिने आहेत हेही लिहावं, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या नकाराच्या जोरावर कुणी आज विकणार नाही. आणि घर व शेत एकाच गिऱ्हाईकाला एकाच गोळाबेरीज रकमेत विकायचं असेल तर घराची किंमत वेगळी कशी काढायची, हेही आधीच ठरवावं. पहिला हक्क घरावर आहे, शेतावर नाही आणि सौदा दोन्हींचा, यातून निघणारी भांडणं सोडवायला फार कठीण जातात.

दुकानाच्या भाडेकरारात अशी अट असेल तर करार संपल्यावर ती उरते का, ते स्पष्ट लिहावं. लिव्ह अँड लायसन्स संपला की त्यातली अटही संपली असंच मालक म्हणेल.

मालकाच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. पहिला हक्क लागलेली मालमत्ता बाजारात थोडी कमी पसंत केली जाते. बाहेरचा माणूस जागा पाहतो, वकिलाला पैसे देतो, बँकेत फेऱ्या मारतो, किंमत ठरवतो आणि शेवटच्या क्षणी ‘भावाने घ्यायचं ठरवलं’ असं त्याला सांगितलं जातं. हे कळलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणून मुदत आटोपशीर ठेवावी. भावंडांनीही ‘बघू, विचार करतो’ म्हणत धाकट्याला सहा महिने टांगून ठेवू नये. त्याची निकड खरी आहे. हक्क वापरायचा तर पैशांची तजवीज आधी करावी, बँकेशी बोलून ठेवावं, कारण न्यायालयातही पहिला प्रश्न हाच येणार: पैसे तयार आहेत का?

आणि तुम्ही बाहेरचे खरेदीदार असाल तर? अविभक्त हिस्सा घेताना वारसांची पूर्ण यादी मागा, मृत्युपत्र होतं का विचारा, वाटणी झाली असल्यास तिचा कागद पाहा. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस द्याच, पण तिच्यावर विसंबू नका, कारण प्राधान्यहक्क असलेल्या बहिणीने ती वाचली असेलच असं नाही. सर्वांत भक्कम उपाय साधा आहे. खरेदीखतात लिहून देणार आणि लिहून घेणार यांच्याबरोबर इतर वारसांना ‘मान्यता देणार’ म्हणून घ्या, आणि आम्हाला याच किमतीला हा हिस्सा देऊ केला होता, आम्हाला तो घ्यायचा नाही, एवढी दोन वाक्यं त्यांच्या सहीवर त्यात येऊ द्या. सह्या द्यायला कुणी तयार नसेल, तर त्यांना पाठवलेल्या लेखी पत्राची प्रत आणि पोच विकणाऱ्याकडून घ्या आणि नोंदणीनंतरचं एक वर्ष सरेपर्यंत त्या जागेवर मोठं बांधकाम काढू नका.